मुद्देमालातील दफ्तर

फौजदारी खटल्याच्या पंचनाम्यात ज्या वस्तूला 'एक काळ्या रंगाचा मोबाइल, काच तडकलेली' एवढ्याच वर्णनावर समाधान मानावे लागते, त्या वस्तूच्या पोटात एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीने हेवा करावा इतके दफ्तर साठलेले असते, ही गोष्ट आता तपासी अंमलदारांना, वकिलांना आणि बहुधा आरोपींनाही ठाऊक झालेली आहे. परंतु ते दफ्तर वाचावे कसे, वाचणाराची लायकी कोणती, आणि वाचलेल्यापैकी कितपत भाग न्यायासनापुढे रुजू व्हावा, याविषयी जाणत्यांमध्येही एकवाक्यता नाही. ही मतभिन्नता ज्या दोघांच्या तोंडून मला सविस्तर ऐकावयास मिळाली, ती दोघे नात्याने मामा आणि भाची आहेत. मामांनी सेशन्स कोर्टात आयुष्यभर आरोपीचे वकीलपत्र घेतले. भाची जप्त झालेल्या फोनांची परीक्षा करून अहवाल लिहिते. दोघांचाही स्वभाव संशयी; मात्र मामांचा संशय यंत्रावर आणि भाचीचा माणसांवर. त्यांचा वाद मला आठवतो तसा, मधूनमधून माझी पदरची भर घालून, येथे देत आहे.

मामा : आमच्या उमेदीच्या काळी एखादा कागद पुराव्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, हा लिहिला कोणी? हस्ताक्षर कोणाचे, सही कोणाची, लिहिताना समक्ष कोण होते? तुमच्याकडून येणाऱ्या अहवालाला शेकडो पाने असतात, परंतु त्यांपैकी एकाही पानाला लेखक नाही. तारीख, वेळ, क्रमांक, मजकूर, असा तक्ता काय तो असतो. ज्याला आईबाप नाही अशा कागदाचा उलटतपास मी घ्यावा तरी कसा?

भाची : मामा, त्याला लेखक नाही हेच त्याचे बळ आहे. साक्षीदार जबानी देतो ती कोणीतरी ऐकणार आहे हे मनात धरूनच देतो, आणि म्हणून ती थोडीशी तरी सजवून देतो. फोनमधली नोंद कोणाची समजूत पटावी म्हणून झालेलीच नसते. माणसाने निरोप पाठविला. तो पुन्हा पडद्यावर दाखविता यावा म्हणून फोनने आपल्या सोयीसाठी एक ओळ लिहून ठेवली, एवढेच. तिला कोणाचा द्वेष नाही आणि कोणाची भीडही नाही.

मामा : भीड नसणे आणि खरे असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बंद पडलेल्या घड्याळालाही कोणाची भीड नसते.

भाची : म्हणूनच घड्याळ बंद आहे की चालू, हे मी आधी पाहते. ही ओळ कोठे आणि कशी लिहिली जाते ते एकदा ऐकून घ्या. फोनमधले निरोप, नावांची यादी, कॉलची नोंद, न्याहाळलेल्या संकेतस्थळांचा इतिहास, हे बहुतेक सारे एस्क्यूलाइट नावाच्या एकाच पद्धतीच्या फायलींत राहते. रिचर्ड हिप या अमेरिकन तज्ज्ञाने ती २००० साली लिहिली, आणि तीही अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरील कामाच्या निमित्ताने. वेगळा सर्व्हर नाही, सांभाळणारा कारभारी नाही; एक फाइल म्हणजे एक संपूर्ण दफ्तर. आज अँड्रॉइड असो की आयफोन असो, ही पद्धत नाही असा फोन सापडणार नाही. फाइल समान आकाराच्या पानांत विभागलेली असते, हल्ली बहुधा ४,०९६ बाइटांच्या. आणि पानावर ओळी असतात.

मामा : आणि मालकाने ओळ खोडली की ती जाते. मग तुमचे अहवाल 'पुनःप्राप्त निरोप' म्हणून जे छापतात ते येते कोठून?

येथे भाचीने जो दाखला दिला तो घरचाच होता, कारण मामांचे वडील पेढीवर बसत असत आणि त्या वह्यांच्या वासातच मामांचे बालपण गेलेले होते.

भाची : आजोबांच्या पेढीवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत, हे तुम्हीच मला सांगितले आहे. दिवसभराचा व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत पडायचा, आणि मुनीम सवडीने तो खातेवार खतावणीत चढवायचा. फोनही हल्ली हेच करतो. नवा निरोप आला, जुना खोडला, तर तो बदल मुख्य फायलीत तत्काळ जात नाही. तिच्या शेजारी 'वॉल' नावाची दुसरी फाइल असते, तिच्यात तो आधी पडतो. तेथे साधारण १,००० पाने साठली की ती मुख्य फायलीत चढविली जातात. एस्क्यूलाइटमध्ये ही सोय २०१० पासून आहे. आता यातली मौज पाहा. खोडण्याचा हुकूम कीर्दीत पडला आहे, पण खतावणीत अजून चढलेला नाही, अशा क्षणी फोन आमच्या हाती आला, तर खोडलेला निरोप खतावणीत जसाच्या तसा उभा असतो. उलट, कालचा ताजा निरोप केवळ कीर्दीत असतो; ज्या परीक्षकाने मुख्य फाइल तेवढी उचलली, त्याच्या दृष्टीने तो निरोप कधी आलाच नाही.

मामा : म्हणजे अर्धी वही आणून पुरी असल्याचे भासविता येते.

भाची : त्याहून वाईट होते. मुख्य फाइल आणि वॉल शेजारी शेजारी ठेवून कोणी साध्या सॉफ्टवेअरने ती उघडली आणि मिटली, तर मिटताना सारे काही खतावणीत चढते आणि कीर्द नाहीशी होते. त्याने काही लबाडी केली नाही, पाहिले मात्र. पण पाहण्यानेच पुरावा गेला. यासाठी आम्ही मूळ प्रतीला हात लावीत नाही. प्रतीची प्रत करून तिच्यावर काम करतो.

मामा : ठाण्यातला हवालदार फोन हातात घेऊन निरोप वर-खाली सरकवून पाहतो, तेव्हा तुझी ही प्रतीची प्रत कोठे असते?

भाचीने याला उत्तर दिले नाही, आणि माझ्या मते तिच्यापाशी उत्तर नव्हतेही. पंचनाम्यात फोन सुरू होता की बंद, कुलूप उघडे होते की लागलेले, पडद्यावर वेळ काय दिसत होती, तो जाळ्यापासून तोडला होता की नाही, या गोष्टी क्वचितच येतात; आणि परीक्षकाच्या दृष्टीने नेमक्या याच गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून असते. सुरू केल्यानंतर एकदाही कुलूप न उघडलेला फोन आणि निदान एकदा उघडून पुन्हा लावलेला फोन यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे : पहिल्यात बहुतेक मजकुराच्या किल्ल्या स्मृतीत आलेल्याच नसतात, दुसऱ्यात त्या असतात. अलीकडच्या आयफोनांत तर तीन दिवस कुलूप उघडले नाही की फोन आपण होऊन पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्या अवस्थेतून पहिल्या अवस्थेत जातो. मुद्देमालाच्या खोलीत चिठ्ठी लावून पडलेला फोन निश्चल आहे ही आपली समजूतच चुकीची. तो तेथेही काही ना काही करीत असतो.

मामा : बरे, कीर्दीचे समजले. पण खतावणीत चढून खोडलेल्या ओळीचे काय?

भाची : ती पुष्कळदा खोडली जात नाही, नावापुरती रद्द होते. पानावरची ती जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते आणि नवी ओळ येऊन बसेपर्यंत जुना मजकूर तेथेच पडून राहतो. संपूर्ण पान रिकामे झाले तर ते पान मोकळ्या पानांच्या यादीत जाते, पण त्यावरील अक्षरे कोणी पुसत नाही. अॅप करणाऱ्याने पुसून शून्ये भरण्याची आज्ञा दिलेली असेल, किंवा फाइल नव्याने रचली गेली असेल, तर मात्र आमचा इलाज चालत नाही. आणि लोकांना याचे आश्चर्य वाटते, पण खोडलेला फोटो सापडणे आता फार कठीण झाले आहे, खोडलेला निरोप त्यामानाने सापडतो. कारण नव्या फोनांत प्रत्येक फाइल आपल्या निराळ्या किल्लीने गुप्त केलेली असते. फोटो ही एक आखी फाइल, ती गेली की किल्लीही गेली. निरोप ही जिवंत फायलीतली एक ओळ. फाइल उघडते तोवर तिच्यातली मोकळी जागाही वाचता येते.

मामा : वाचता येते म्हणजे पुरती वाचता येते?

भाची : नाही. जागा मोकळी होताना पहिले चार बाइट नव्या हिशेबासाठी वापरले जातात : दोनांत पुढची मोकळी जागा कोठे आहे ते, आणि दोनांत ही जागा किती मोठी आहे ते. आणि ओळीच्या आरंभी जे असते तेच नेमके यात जाते. ओळीची लांबी, तिचा अनुक्रमांक, कधी कधी कोणता रकाना कोठे संपतो याची खूणही. मजकूर राहतो; पण तो कोणत्या क्रमांकाच्या ओळीचा, आणि शेजारचा आकडा वेळेचा की दुसऱ्या कशाचा, हे मागाहून अनुमानाने लावावे लागते.

मामा : अनुमानाने! आणि तुझ्या अहवालाच्या तक्त्यात ती ओळ जिवंत ओळींच्या पंगतीलाच बसते ना? तीच तारीख, तीच वेळ, तोच टंक. फार तर कडेला एक तांबडी खूण. न्यायाधीश चारशेव्या पानावरची तांबडी खूण पाहतात असे तुला वाटते?

भाची : तक्ता सॉफ्टवेअर तयार करते, मामा.

मामा : आणि सही तू करतेस.

या ठिकाणी मामांचे म्हणणे मला निर्विवाद वाटले, आणि आजच्या तपासकामातील खरे व्यंग त्यांच्या या दोन शब्दांत सापडले असेही वाटले. फोनचे दफ्तर प्रामाणिक आहे हे भाचीचे विधान मी मान्य करतो. परंतु न्यायालयापुढे दफ्तर येत नाही, त्याचा गोषवारा येतो, आणि तो गोषवारा एका यंत्राने दुसऱ्या यंत्राविषयी केलेला असतो. ज्याने दफ्तर पाहिले नाही त्याला गोषवाऱ्यातील निश्चित आणि अनुमानित यांतला भेद कळण्याचा संभव नाही. उलट तक्त्याच्या सारख्या रेषांमुळे दोन्ही सारखेच विश्वसनीय भासतात. हस्तलिखितांचा पाठ निश्चित करणारे पंडित गळालेल्या अक्षरांच्या जागी आपले अक्षर घालताना ते कंसात टाकीत. एवढी लाज अद्याप या सॉफ्टवेअरांना शिकविली गेलेली दिसत नाही.

भाची : तुम्ही फक्त संशयाच्याच जागा पाहता. खोडलेल्या निरोपाला दुसरीकडून पाठबळही मिळते. व्हॉट्सअॅपमध्ये कोणी एखाद्या निरोपाला उद्देशून उत्तर लिहिले, तर मूळ निरोपाच्या मजकुराची प्रत त्या उत्तराबरोबर वेगळ्या तक्त्यात राहते. मूळ खोडला तरी ती राहू शकते. शोधण्याच्या सोयीसाठी शब्दांची सूची केलेली असते, तिच्यातही कधी तो सापडतो. 'सर्वांसाठी खोडा' म्हटले तरी ओळ जागेवर राहते, मजकूर तेवढा जातो; म्हणजे अमक्या वेळी अमक्याने काहीतरी लिहून मागे घेतले, इतके तरी निश्चित सांगता येते. ओळींना अनुक्रमांक असतात. मधलाच एखादा नाही, तर तेथे काहीतरी होते.

मामा : काहीतरी होते! 'काहीतरी' या पुराव्यावर कोणाला शिक्षा देणार? कदाचित आरोपीच्या बायकोने पाठविलेली किराण्याची यादी असेल.

भाची : असेल. म्हणून मी क्रमांक नाही एवढेच लिहिते; काय होते ते लिहीत नाही. आणि तोच निरोप समोरच्याच्या फोनमध्येही असतो. दोन निराळ्या माणसांच्या, निराळ्या ठिकाणी जप्त झालेल्या फोनांत एकच ओळ सापडली, तर तिला तुम्ही अनाथ म्हणणार?

मामा : तितके मान्य. पण वेळेचे बोल. परवाच एका तरुण वकिलाने मला एक अहवाल दाखविला. निरोप १४ तारखेच्या रात्री पावणेआठचा, असे त्यात छापलेले. आणि फिर्यादीच्या म्हणण्याप्रमाणे धमकी आली ती १५ च्या पहाटे सव्वा वाजता. तो म्हणाला, खटला उडाला.

भाची : उडत नाही. पावणेआठात साडेपाच तास मिळवा.

मामा : ते मी मिळविले, त्याने मिळविले नव्हते. आणि उद्या एखाद्या सरकारी वकिलाला मिळवायचे सुचले नाही, आणि त्यावर माझ्या अशिलाची 'मी तेव्हा घरी नव्हतो' ही कैफियत खोटी ठरली, तर?

भाची : हा दोष वाचणाराचा आहे. फोन वेळ जागतिक मानाने आणि एका ठरलेल्या दिवसापासून मोजून लिहितो. अँड्रॉइडवर १ जानेवारी १९७० पासून, बहुधा मिलिसेकंदांत. आयफोनच्या स्वतःच्या पुष्कळ तक्त्यांत १ जानेवारी २००१ पासून. एकाचा आकडा दुसऱ्याच्या मानाने वाचला तर निरोप एकतीस वर्षे मागेपुढे जातो. ती चूक कोणाच्याही डोळ्यांत भरते. भीती वाटावी ती साडेपाच तासांच्या चुकीची, कारण ती खरी वाटते. शिवाय पाठविल्याची वेळ एक, पोचल्याची दुसरी. फोन बंद असेल तर दोहोंत रात्र जाते. तक्त्याला 'वेळ' असा एकच मथळा असेल तर ती कोणती, हे विचारलेच पाहिजे.

मामा : आणि माणूस कोणता हेही. अहवालात पाठविणाराचे नाव 'साहेब' असे येते. हे नाव आले कोठून?

भाची : फोनच्या मालकाने आपल्या यादीत जे लिहून ठेवले तेथून. फोनपुरता माणूस म्हणजे क्रमांक. नाव हे मालकाचे मत. आणि तो क्रमांक कोणाच्या हातात होता हेही ओळ सांगत नाही. काही आयफोनांत कुलूप केव्हा उघडले, कोणते अॅप किती वेळ समोर होते, याची काही आठवड्यांची नोंद सापडते. तिच्यावरून त्या घटकेला फोन कोणीतरी वापरीत होते इतके मी शपथेवर सांगेन. त्या 'कोणीतरी'ला नाव देणे हे माझे काम नाही. ते तपासाचे, साक्षीदारांचे, आणि शेवटी न्यायालयाचे.

भाचीच्या या उत्तराने मामा किंचित निवळले. त्यानंतर बोलणे कायद्याकडे वळले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाबरोबर दाखला द्यावा लागतो, आणि त्याचे दोन भाग असतात : एक तो अभिलेख हजर करणाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, दोहोंत फायलीचे हॅशमूल्य लिहावयाचे. या दाखल्याच्या सक्तीमागे जो निकाल आहे तो महाराष्ट्रातूनच गेलेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नाही, यावर वाद पडला. पुरावा होता तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. आणि वारंवार मागूनही कचेरीने दाखला दिला नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरविले की दाखला अनिवार्य आहे; मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर मात्र तो नको, आणि शक्य ते सारे करूनही जो मिळाला नाही त्याच्यासाठी पक्षकाराला दंड नाही, कारण अशक्याची सक्ती कायदा करीत नाही.

मामा : दाखला असला म्हणजे माझे तोंड बंद झाले असे तरुण सरकारी वकील समजतात. हॅश जुळले, म्हणे. कशाशी जुळले?

भाची : आम्ही काढलेल्या प्रतीशी. प्रत काढल्या क्षणापासून तिच्यातला एकही बाइट बदललेला नाही, एवढे ते सांगते, आणि तेवढे मात्र पक्के सांगते.

मामा : आणि काढण्यापूर्वी?

भाची : त्यापूर्वीचे ते काही सांगत नाही. चालू फोनची आज एक प्रत आणि उद्या दुसरी काढली तर दोघींचे हॅश कधी जुळणार नाही, कारण फोन मधल्या वेळात लिहीतच असतो. जप्तीपासून प्रत निघेपर्यंतच्या काळाचा हवाला पंचनामा, मुद्देमालाचे रजिस्टर आणि लिफाफ्यावरची मोहर यांनीच द्यायचा. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रणही करावे लागते; ते मागवा.

मामा : म्हणजे शेवटी पुन्हा कागद, सही आणि पंच!

भाची : मी ते नको असे केव्हा म्हटले? माझा आग्रह इतकाच की कागदावर भरवसा ठेवताना ज्या वहीविषयी तो कागद आहे ती वहीही आरोपीच्या वकिलाने पाहावी. तुम्ही अहवालाची छापील नक्कल मागता आणि तिच्यातल्या शुद्धलेखनावर उलटतपास घेता. फाइल मागत नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. वस्तुतः हा आरोप त्यांच्या संबंध व्यवसायावर होता, आणि तो खोटा नव्हता. आरोपीच्या बाजूला ही वही वाचणारा तज्ज्ञ परवडत नाही, हे खरे. परंतु परवडत नाही म्हणून मागायचेच नाही, ही सवय गरिबीपेक्षा आळसाची अधिक असते.

मामा : फाइल मिळाली असे समज. मला ती वाचता यायची नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात परीक्षक उभा आहे. मी पहिले काय विचारू?

भाची : विचारा की मुख्य फायलीबरोबर वॉल फाइल घेतली होती का, आणि तिचे हॅश वेगळे लिहिले आहे का. मग अहवालातली कोणतीही एक पुनःप्राप्त ओळ दाखवून विचारा की ही कोणत्या पानावर मिळाली, तिच्यापुढे छापलेली वेळ त्याच ओळीत होती की शेजारच्या तुकड्यावरून लावली. आणि हे त्याने स्वतः बाइट पाहून ठरविले की सॉफ्टवेअरने सांगितले म्हणून मानले.

मामा : आणि पिंजऱ्यात तू असलीस तर?

भाची : तरी हेच विचारा. आणि मी 'सांगता येत नाही' म्हटले, तर पुढच्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी ते माझ्या जबानीत त्याच शब्दांत उतरवून घ्यायला लावा.